चौऱ्याऐंशी ग्रॅमचं जाळं

'रहांगडाले तपास केंद्र' अशी पाटी असलेल्या गोंदियातल्या त्या खोलीत बहुतेक लग्नाआधीच्या चौकशा येत. मुलगा खरंच नोकरीला आहे का, पितो किती, आधीचं काही लपवलंय का. त्यामुळे सोमवारी सकाळी नऊला सुजलेल्या डोळ्यांची एक मुलगी दारात उभी राहिली, तेव्हा केवलरामनं वहीत 'स्थळ' असा मथळा लिहूनही टाकला.

"स्थळ नाही जी," मुलगी म्हणाली. "माझं जाळं वितळवलं कोनीतरी."

शामकलाबाईंनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. पन्नाशीच्या, ठेंगण्या, नाकावर चष्मा घसरलेला. केवलराम त्यांचा धाकटा दीर. रेल्वेत गार्ड होता, निवृत्त झाल्यापासून वहिनीच्या केंद्रात बसे. पाटीवर आपलंही नाव हवं होतं, हे त्यानं चार वर्षांत फक्त सहा-सात वेळा सुचवलं होतं.

मुलीचं नाव भूमिका. वडील बोदलकसाच्या तलावात मासे धरत. ती फुलचूरच्या पुढे विद्यापीठात दागिने आणि धातूकाम शिकत होती, शेवटच्या वर्षाला. परीक्षेसाठी तिनं गळ्यातलं केलं होतं. चांदीच्या तारेला गाठी मारत मारत विणलेलं, हुबेहूब मासळीचं जाळं, कडेला बारीक काळे मणी.

"आज चार वाजता जयपूरहून परीक्षक येऊन राहिले. एकाच पोराले वर्षभर तिकडच्या कारखान्यात काम शिकायले नेतात. राहनं, जेवन, सगळं त्यांचं. एकच जागा. दुसऱ्यांदा नाही भेटत."

"झालं कसं?"

"शनिवारी जाळं डब्यात घालून लॉकरमध्ये ठेवलं. आज आठ वाजता धनवंता मॅडमनं बोलावलं. लॉकर खाली, अन् भट्टीच्या खोलीत, धातू वितळवायच्या मुशीत, चांदीचा गोळा."

"पाहिलास तू तो गोळा?"

"दुरून. डोळेच मिटले मी. मॅडमनं फडक्यात बांधून कपाटात ठेवला, म्हनल्या कोनी हात लावायचा नाही."

"पोलीस?"

"विभागाचं नाव खराब होईल म्हनतात."

"आणि आमच्याकडे कुणी पाठवलं?"

"माझ्या मावसबहिणीच्या होनाऱ्या नवऱ्याची चौकशी तुम्ही केली होती, काकू. लग्न मोडलं तिचं."

"मग?"

"सुखी आहे ती."

शामकलाबाईंनी चष्मा वर सरकवला आणि उठल्या.

---

धनवंता मॅडमची खोली नीटनेटकी होती. भिंतीला काचेचं कपाट, त्यात प्रशस्तिपत्रं आणि दागिना मांडायचा मखमलीचा गळा. गळा मोकळा होता. उन्हानं मखमल विटून फिकट झाली होती, फक्त हारासारखा एक पट्टा अजून गर्द जांभळा होता.

"पॉलिशला दिलाय," मॅडम म्हणाल्या. केवलरामनं विचारलंही नव्हतं, तो नुसता बघत होता. "माझा शिकत असतानाचा हार. पहिलं पारितोषिक."

मग त्यांनी फडकं सोडलं. पुरीएवढा गोळा. वरून काळा, जळक्या तव्यासारखा.

"वजन केलंत?"

"चौऱ्याऐंशी ग्रॅम. शनिवारी इंद्रकुमारनं जाळं तोललं तेव्हाही चौऱ्याऐंशीच. शंकेला जागा नाही."

"लॉकरच्या चाव्या?"

"एक माझ्याकडे. एक इंद्रकुमारकडे, म्हणजे त्याच्या खुर्चीमागच्या खिळ्याला. पोरापोरांना ठाऊक आहे. आणि काल रविवार असला तरी परीक्षेमुळे सगळे येऊन गेले, मीसुद्धा."

"एक सांगा मॅडम. ते जाळं कसं होतं?"

मॅडम क्षणभर खिडकीबाहेर बघत राहिल्या. "चांगलं होतं. साडेब्याण्णव टंच चांदी, माझ्याकडे सगळे तीच वापरतात. कडेला चांदीचेच मणी, काळे केलेले. मासेमारीच्या जाळ्याची कल्पना. पोरगी हुशार आहे."

बाहेर आल्यावर केवलराम म्हणाला, "वहिनी, काल कोण किती वाजता कुठं होतं, हे विचारायचं सोडून हे काय?"

"सगळेच इथं होते, भाऊजी. मग कुठं होते विचारून काय भेटेल?"

---

कार्यशाळेत इंद्रकुमार एका पोराला तार तापवून दाखवत होता. पिढीजात सोनार, इथं तंत्रसहायक. विटेवर दोन तारा होत्या. ज्योत फिरली तशी एक काळी पडत गेली, दुसरी पांढरीशुभ्र राहिली.

"ही काळी काहून झाली?" शामकलाबाईंनी विचारलं.

"उसमें तांबा है, बाई. साडेब्याण्णव टंच. पोरांची रोजची. दुसरी शंभर टंच, शुद्ध. कितीही तापवा, तोंड काळं करत नाही." तो हसला नाही. "चाळीस वर्षं झाली ज्योत फुंकून. मले कोनी जयपूरले नाही बोलावलं. कागद नाही ना आपल्याकडे."

"राग येतो?"

"येतो. खोटं कशाले बोलू? ह्या पोरीचा हात पाहिला अन् दोन दिवस जेवण गोड नाही लागलं."

"कसं होतं जाळं?"

त्यानं डोळे मिटले. "तार एकदम बारीक. डाक लावून केलेला जोड कुठंच नाही, नुसत्या गाठी. शुद्ध चांदी होती म्हणून वळली, नाही तर तुटली असती. दुसरी चांदी तापवली की काळी होते, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, धुवावी लागते. तिनं महिनाभर माझ्या तेजाबाच्या भांड्याले हात नाही लावला."

भुपेंद्र खिडकीशी बसून कानशीनं पितळ घासत होता. मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा, आजवर प्रत्येक वर्षी पहिला.

"माझ्यावरच संशय असेल," तो म्हणाला. "असू द्या. ती आली नसती तर जागा माझी होती. तिचं जाळं पाहिलं त्या दिवशी घरी जाऊन माझं काम फेकून दिलं मी. अन् परत उचलून आणलं."

"कसं होतं ते?"

"अकरा ओळी. मधातल्या ओळीत जाळ्याचे डोळे मोठे, कडेले लहान. तार मीच ओढू लागलो तिले, शंभर टंच, लोण्यासारखी. मणी बोदलकसाच्या गाळाचे, भट्टीत भाजलेले. घरच्या जाळ्याले पण मातीचेच मणी बांधतात म्हणे." त्यानं कानस आपटली. "मातीचे मणी. हे मले काऊन नाही सुचलं?"

केवलरामनं वहिनीला कोपरानं ढोसलं. हाच तो, असा त्याचा चेहरा होता.

रिंकी दारातच भेटली. भूमिकेची वसतिगृहातल्या खोलीतली सोबतीण, कापड व्यापाऱ्याची मुलगी. "आंटी, मैं तो उसकी बेस्ट फ्रेंड हूँ," ती म्हणाली, आणि लगेच रडू लागली. "पण शनिवारी रात्रभर मनात येत होतं, की तिचं काही तरी बिघडावं. थोडंसं. बिघडलं, तर मला आता कसं तरी होतंय."

"जाळं कसं होतं, सांग."

"सव्वीस मणी. मीच भाजायला बसले होते तिच्यासोबत, दोन फुटले. चांदी पण सराफ्यातून मीच आणवली, शुद्धवाली. मॅडमला सांगितलं नाही. त्या म्हणतात शुद्ध चांदी मऊ, दागिन्याला चालत नाही. मातीचं तर नावच काढू देत नाहीत. परीक्षेच्या फॉर्मवर साडेब्याण्णव लिहिलं, मणी पण चांदीचेच लिहिले, बस."

केवलरामचा चेहरा आता रिंकीकडे वळला होता. शामकलाबाईंनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि भूमिकेला बाजूला घेतलं.

"तुझ्या जाळ्यात चांदी किती होती?"

"एकाहत्तर ग्राम. बाकी मणी." भूमिका थांबली. "कायले विचारून राहिल्या, काकू?"

"गोळा किती भरला, हे तुला कुणी सांगितलं का?"

"नाही. मी विचारलंच नाही."

---

अडीच वाजता शामकलाबाईंनी सगळ्यांना कार्यशाळेत बसवलं. गोळा टेबलावर ठेवला. मॅडमनी तो आणून दिला, पण बसल्या नाहीत.

"मला दागिन्यातलं कळत नाही," शामकलाबाई म्हणाल्या. "माझ्याकडे माणसं खोटं स्थळ घेऊन येतात. खोट्या स्थळाची एक खूण असते. कागद फार जुळतात. ह्या गोळ्याचं तसंच आहे. कागदावर चौऱ्याऐंशी, गोळाही चौऱ्याऐंशी. भूमिका, मणी वितळतात का?"

"माती कशी वितळेल?"

"मग गोळा एकाहत्तरच्या वर जायला नको होता. आणि मुशीत सव्वीस भाजके मणी राहायला हवे होते. इंद्रकुमारजी, मुशीत काय होतं?"

"काही नाही. एकदम साफ."

"आता रंग बघा."

भूमिकेनं पहिल्यांदा गोळ्याकडे नीट पाहिलं. हात लावला. "हा तर काळा आहे," ती हळूच म्हणाली. "माझी चांदी काळी होत नाही. काकू, हे माझं जाळं नव्हे."

"नाही. तुझं जाळं कुणी वितळवलेलं नाही."

केवलराम उभा राहिला आणि पुन्हा बसला. "मग गोळा कायले करायचा, वहिनी? नुसतं चोरायचं ना."

"चोरलं असतं तर शोधाशोध झाली असती, भाऊजी. पिशव्या उघडल्या असत्या, खोल्या पाहिल्या असत्या. वितळलेल्या वस्तूला कुणी शोधत नाही. रडतात आणि घरी जातात." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "आता कुणी? मत्सर इथं सगळ्यांना आहे. मी आल्यापासून दुसरं काही ऐकलं नाही. म्हणून मी एकच विचारलं, जाळं कसं होतं. भुपेंद्रला ओळी पाठ. रिंकीला मणी पाठ. इंद्रकुमारजींना तार पाठ. जळणारा माणूस फार बारीक बघतो. ह्या तिघांपैकी कुणी खोटा गोळा केला असता, तर तो पांढरा असता, एकाहत्तर ग्रॅमचा असता आणि मुशीत भाजकी माती पडलेली असती."

भुपेंद्रच्या हातातली कानस खाली आली.

"गोळा करणाऱ्याला वाटलं, चांदी साडेब्याण्णव टंच, मणीही चांदीचे. फॉर्मवर लिहिलंय तसं. सकाळपासून हे मला एकाच माणसानं सांगितलं. गोळा कपाटात बंद करून कुणाला हात लावू न देणाऱ्याही त्याच. आणि त्यांच्या काचेच्या कपाटात एक हार कालपरवापर्यंत होता. मखमल अजून गर्द आहे तिथं. आठ-पंधरा दिवस जरी झाले असते, तरी इथल्या उन्हानं तिला सोडलं नसतं."

धनवंता मॅडम आता बसल्या. पोरांच्या लाकडी स्टुलावर.

"मॅडम," शामकलाबाईंचा आवाज उतरला, "तुम्ही शिक्षक. तुमच्या डोळ्यांतून मातीचा मणी सुटेल? तुम्ही ते जाळं कधी नीट पाहिलंच नाही. पाहवलं नाही तुम्हाला."

मॅडमनी पर्स मांडीवर ठेवली.

"जयपूरची ती जागा मी दोनदा मागितली होती," मॅडम म्हणाल्या. "एकदा लग्न झालं, एकदा मुलगी झाली. मग इथं आले, शिकवायला लागले. दरवर्षी कुणाला तरी पाठवते. त्रास होत नव्हता, कारण माझ्याइतकं चांगलं कुणी नव्हतं." त्या थांबल्या. "काल दुपारी ज्योत पेटवली होती मी. डबा उघडला. मूस लाल झाली. हात होईना. ते जाळं आत टाकता येईना मला. मग घरी गेले नाही, खोलीत गेले. स्वतःचा हार आणला. चौऱ्याऐंशी भरेल इतका कापून टाकला. तो टाकताना हात थरथरला नाही, बघा."

त्यांनी पर्समधून किल्ली काढून भूमिकेपुढे धरली. "माझ्या टेबलाचा खालचा कप्पा. सपाट ठेवलंय. गुंता नाही झालेला."

भूमिका धावत गेली. परत आली तेव्हा डबा छातीशी धरला होता. सगळ्यांच्या आधी भुपेंद्रनं डब्यात डोकावून पाहिलं.

"आता मॅडमचं काय?" केवलराम कुजबुजला.

"ते मी नाही ठरवणार," शामकलाबाई म्हणाल्या. "जिचं जाळं, तिनं."

भूमिकेनं मॅडमकडे पाहिलं. "चार वर्षं मी तुमच्यासारखं व्हायचं पाहून राहिली होती, मॅडम," ती म्हणाली. "आता सव्वातीन झाले. मले मांडायचं आहे. तुमच्यासाठी वेळ नाही माझ्याजवळ."

---

चार वाजता परीक्षक आले. दोन पुरुष, एक पांढऱ्या केसांच्या बाई. त्या बाई जाळ्यावर भिंग धरून कितीतरी वेळ वाकून राहिल्या. शुद्ध चांदी आणि माती का, ते त्यांनी विचारलं. भूमिकेनं सांगितलं. फॉर्मवर खोटं लिहिल्याचंही सांगितलं. का लिहिलं, ते सांगितलं नाही.

"तुला ह्यात मार्गदर्शन कुणाचं?"

शामकलाबाई मागच्या बाकावर होत्या. केवलरामनं पेन्सिल चावायची थांबवली.

"इंद्रकुमार काकांनी तार शिकवली," भूमिका म्हणाली. "भुपेंद्रनं ती ओढून दिली. मणी रिंकीनं भाजले." ती थांबली. भिंतीशी उभ्या असलेल्या मॅडमकडे तिनं पाहिलं नाही. "अन् कालपासून मॅडमनं हे जाळं जपून ठेवलं."

परीक्षक बाईंनी ते लिहून घेतलं.

"लिहू नका," धनवंता मॅडम म्हणाल्या. आवाज लहान होता, पण खोलीभर ऐकू गेला. "मी ते चोरलं होतं. वितळवायला. फॉर्मवर तिनं खोटं लिहिलं तेही माझ्याच धाकानं, त्यावरून तिला मागे ठेवू नका, म्हणून सांगते. राजीनामा माझ्या टेबलावर आहे."

त्या बाहेर गेल्या. चपलांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू आला. इंद्रकुमार उठला, दारापर्यंत गेला आणि तिथंच उभा राहिला. पुढं जावं की नाही, हे त्याला ठरवता येईना.

साडेपाचला भूमिकेचं नाव वाचलं गेलं. तिनं आधी वडिलांना फोन लावला. तलावावर रेंज नव्हती, मग तिनं तसाच कानाला धरून ठेवला.

रिंकी रडत टाळ्या वाजवत होती. इंद्रकुमारही. भुपेंद्र खिडकीबाहेर बघत राहिला, खांदे ताठ. सगळ्यांच्या टाळ्या ओसरल्या, खुर्च्या सरकू लागल्या, तेव्हा त्यानं वळून वाजवल्या. तीनच वाजवल्या, पण जोरात.