चिमीच्या उरलेल्या हाका

हातखंब्याच्या अलीकडं, सड्यावरच्या उघड्या कातळमाळावर, एक मोठं हॉस्पिटल आहे. त्याच्या मागच्या अंगाला जांभ्या दगडाची एक लांबट इमारत. बाहेरून बघाल तर काजूचं गोदाम वाटेल. पण आत मेंढ्या असायच्या. घाटावरून आणलेल्या, धुऊन स्वच्छ केलेल्या, कानात पिवळे बिल्ले घातलेल्या. माणसाला भूल कशी द्यावी, फुप्फुसं थकली म्हणजे मशीननं श्वास किती आणि कसा भरावा, हे डॉक्टर लोक तिथं आधी मेंढीवर करून बघत आणि मग माणसाकडं वळत.

महिपत तिथला राखणदार. गवत घालावं, गोठा झाडावा आणि मेंढी टेबलावर घेतली की तिच्या डोक्याशी उभं राहावं, हे त्याचं काम. त्याचा हात कपाळावर असला की मेंढी धडपडत नसे. त्यामुळं भूल देणाऱ्या डॉक्टर नम्रता तो आल्याशिवाय सुई हातात घेत नसत.

जनावरांना नावं द्यायची नाहीत, बिल्ल्यावरचा नंबर म्हणायचा, असा तिथला नियम होता. महिपतला नंबर काही लक्षात राहत नसत. एका काळ्या तोंडाच्या मेंढीला तो आपला चिमी म्हणू लागला. घरून डब्यात भाकरी आली की त्यातला चतकोर चिमीचा. बायकोला, आवडाबाईला, हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "कोण ती तुमची तिथली, माझ्या हातची भाकरी खाणारी? बघायला हवी एकदा." महिपत नुसता हसला. नाव काही त्यानं सांगितलं नाही. बायकोपुढं मेंढीचं नाव घ्यायची त्याला लाज वाटली.

भूल उतरायची वेळ झाली की तो चिमीच्या कानाशी वाके आणि तीन हाका मारी. "चिमे… चिमे… चिमे, ऊठ गो." त्याच्या गावची रीत तशीच. गेलेलं माणूस एकदाच हाक मारतं, जितं माणूस तीनदा मारतं. म्हणून तिकडं एका हाकेला कोणी ओ देत नाही.

"आजोबा, आणि दुसऱ्याच हाकेला उठली तर?" डॉक्टर नम्रता मुद्दाम विचारत.

"तरी तिसरी मारायची, ताई. हाक अर्धी ठेवू नये. नायतर तिला कळायचं कसं, कोण बोलवतंय ते?"

आणि चिमी खरंच तिसऱ्या हाकेलाच डोळे उघडी. मग मान वळवून महिपतचा अंगठा चाटी.

शेवटच्या खेपेला मात्र तिला उठवायचं नव्हतं. फुप्फुसं आतून बघायची होती. नम्रताताईंनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "उद्या तुम्ही नका येऊ, आजोबा." पण तिला धरणार कोण, म्हणून तो गेला. चिमीला पालथी ठेवली होती, मान डावीकडं वळवलेली, हनुवटी पुढं. तसं ठेवलं की श्वास नीट लागतो, हे तिच्यावरूनच त्यांना कळलं होतं. सगळं झालं. मशीनचा सुस्कारा थांबला. आणि हाताच्या सवयीसारखी तोंडाचीही सवय असते, महिपत वाकला.

"चिमे…"

नम्रताताईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचेही डोळे भरले होते. "नको, आजोबा. आज नाय उठायची ती."

उरलेल्या दोन हाका महिपतनं गिळल्या.

त्यानंतर कधी भर दुपारी, वारा पडलेला आणि कातळ तापलेला असताना, चिमीच्या रिकाम्या कप्प्यातून एक आवाज येई. बें. एकदाच. मागोमाग ओल्या लोकरीचा वास. महिपत झाडू धरून उभा राही. ओठांशी आलेली ओ तो तशीच दाबी. भिऊन नव्हे, भीती त्याला चिमीची कसली? पण रीत ती रीत. चतकोर भाकरी मात्र तो कप्प्यात ठेवून येई.

पुढं श्रावणात आवडाबाई तापली. लावणीच्या चिखलात पायाला जखम झाली होती, त्यातून लेप्टोचा ताप आला आणि तो फुप्फुसात उतरला. त्याच हॉस्पिटलात, काचेच्या दारामागं, तिला मशीनवर घातली. नम्रताताईंनी तिला पालथी ठेवली, मान डावीकडं वळवून.

"चिमीला ठेवायचो तशीच, आजोबा," त्या हळूच म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ते नाव महिपतनं पहिल्यांदाच ऐकलं. "तिच्यामुळं शिकलो म्हणून जमतंय."

फुप्फुसं सुधारली. तिला उताणी केली, भुलीचं औषध थांबवलं. पण आवडाबाई उठेना. दिवस गेला, दुसरा गेला. भेटायची वेळ दुपारची होती. नम्रताताई म्हणाल्या, "औषध अंगातून केव्हाच गेलंय. उठायला हवं होतं. आज नाही उठली तर… तुम्ही हाक मारून बघा. तुमचा आवाज ओळखेल." आणि पडदा ओढून त्या बाहेर गेल्या.

आत गारठा होता. स्पिरिटचा वास. मशीन भाता ओढल्यासारखं सुस्कारत होतं. महिपतनं तिच्या कपाळावर हात ठेवला.

"आवडे…"

काही नाही.

"आवडे… आवडे, ऊठ गो. घरी जायचंय."

पापणीही हलली नाही. घरी ही बाई पहिल्या हाकेला न्हाणीतून ओरडायची, "आले हो, जीव नका घेऊ!"

मग त्याला वास आला. स्पिरिटच्या खालून, हळूहळू वर येणारा. ओल्या लोकरीचा. मशीनच्या सुस्काऱ्यात दुसरा एक श्वास मिसळलेला त्याला ऐकू येऊ लागला, आखूड, घाईचा. खाटेच्या खालून…

बें.

एकदाच.

महिपतच्या अंगावर काटा आला. खाली बघायचा धीर त्याला झाला नाही. पण त्याला कळलं की ही काही न्यायला आलेली नाही. ही अर्ध्या हाकेवर थांबलेली आहे. कधीची थांबलीय बिचारी, उठावं की निजावं हे न कळून. कपाळावरचा हात त्यानं काढला नाही. बायकोच्या कानाशी वाकून तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला,

"चिमे…"

खालचा श्वास थांबला.

"चिमे, ऊठ गो."

आणि आवडाबाईनं डोळे उघडले.

नळी काढली, ती बोलू लागली, हिंडूफिरू लागली. सगळी ओळख तिला होती. घर, शेजार, मुंबईचा मुलगा, कुणाकडं आपली विळी राहिलीय तेसुद्धा. नम्रताताई हरखल्या. घरी परत तशीच भाकरी, तशीच थट्टा. निजते मात्र पालथी, मान डावीकडं टाकून. महिपत म्हणतो, हॉस्पिटलात लागलेली सवय असेल.

आता ती पहिल्या हाकेला ओ देत नाही. तीनदा "आवडे" म्हणावं लागतं, तेव्हा कुठं वळते.

परवा तिन्हीसांजेला ती आत चुलीवर आमटी ढवळत होती. महिपत खाली विहिरीवर होता, भाताचे दोन कुणगे ओलांडून. राहाट करकरत होता. काय मनात आलं कोण जाणे, पाण्यात बघत तो पुटपुटला. त्याचं त्यालाही नीट ऐकू आलं नसेल.

"चिमे…"

घरातून लगेच आवाज आला, मायेचा, भरलेला.

"ओ… आले हां."

महिपतनं राहाट सोडून दिला. पायवाटेवरून ती कंदील घेऊन उतरत होती. जवळ आली, त्याचा हात हातात घेतला, आणि पदरानं पुसावा तसा, अगदी सहज, त्याचा अंगठा चाटला.