दुसरा नंबर

"तार कापायच्या आधी विचारतो... या लाइनवर फोन आणि इंटरनेट सोडून आणखी काही चालतं का?"

दारातला वायरमन इतका निवांत होता, की तिलाच उगीच घाई झाल्यासारखं वाटलं. पाच मिनिटांत तिचा ऑनलाइन व्हायोलिनचा क्लास सुरू होणार होता. जुन्या लाइनवर तिचा गज आधी हलायचा आणि सूर मागून रेंगाळत पोचायचा. विद्यार्थी एकेक करून गळू लागले, म्हणून तिने नवी फायबर लाइन घेतली होती.

"काही नाही हो. कापा."

त्याने जुनी तार कापली, नवी जोडली. निघताना त्याने एकदा वळून पाहिलं. आपण पाहिलंच नाही असं तिने दाखवलं, आणि तेही तिला धड जमलं नाही.

क्लास झकास झाला. खुशीतच ती चहा घेऊन बाबांच्या खोलीत गेली आणि दारातच थबकली. बाबांच्या गळ्यात लाल बटण होतं. छातीत कळ आली की दाबायचं. मग जुन्या तारेवरून मदत केंद्राला फोन जायचा. सोमवारपासून ती रोज सकाळी शाळेत शिकवायला जाणार होती आणि बाबा घरात एकटे असणार होते. आणि त्या बटणाची तारच आता कापली गेली होती. कंपनीला फोन लावला, तर यंत्र गोड आवाजात थांबायला सांगत राहिलं.

तेवढ्यात बेल वाजली. तोच वायरमन दारात धापा टाकत उभा होता.

"काकांच्या गळ्यात बटण दिसलं होतं. दोन घरं पुढे गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला. चुकलंच माझं."

"तुम्ही विचारलं होतंत. चूक माझी आहे."

"मग अर्धी अर्धी घेऊ या?"

एवढ्या काळजीतही तिला हसू आलं, आणि स्वतःचा रागही आला.

मग त्याने नीट समजावलं. जुनी तार मंद, पण घरातली लाइट गेली तरी चालणारी. नवी वेगवान, पण लाइट गेली की मुकी. बटण नवीवर घेता येईल, सोबत बॅटरीचा डबा ठेवला तर चार तास निभतील. पण दर आठवड्याला प्लग काढून डबा तपासायला हवा.

"तुमच्या घरी असतं तर काय केलं असतं?"

"आईसाठी मी जुनीच ठेवलीय. पण माझं पोट व्हायोलिनवर नाही ना चालत..."

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. क्लास सोडले तर नुसत्या शाळेच्या पगारात घर कसं चालणार? आणि डबा ऐनवेळी दगा देऊन बसला तर? शेवटी ती म्हणाली, "डबा बसवा. तपासायचं मात्र मला एकटीला धीर होत नाही."

"शनिवारी मला सुट्टी असते," तो म्हणाला, आणि वायर गुंडाळण्यात फारच गुंतून गेला.

केंद्राच्या फॉर्मवर दोन नंबर हवे होते. पहिला तिचा. दुसरा... भाऊ परदेशात, बाकी कोणी नाही. पेन अडलं तेव्हा त्याने हळूच आपला नंबर सांगितला.

"तात्पुरता," तो म्हणाला.

पाच शनिवार तो आला. प्लग निघायचा, बाबा ऐटीत बटण दाबायचे आणि चहा मात्र तासभर चालायचा.

सहाव्या आठवड्यात, एका मंगळवारी, शाळेचा तास संपवून तिने बॅगेतला फोन काढला. केंद्राचे चार मिस्ड कॉल. ती धावतच सुटली. घराच्या जिन्यात अंधार होता, लाइट गेलेली. डब्यामुळे बटणाचा फोन केंद्राला गेला होता... पण केंद्राचा फोन उचलला कोणी?

बाबा पलंगावर टेकून बसले होते. त्यांचा हात वायरमनच्या हातात होता.

"तुम्ही उचलला नाहीत म्हणून केंद्राने मला लावला, मी जवळच कामावर होतो. डॉक्टर येऊन गेले. वेळेवर गोळी मिळाली," तो म्हणाला.

तिला रडूच फुटलं. त्याच्या खांद्याला कपाळ टेकून ती मोकळेपणाने रडली, आणि तो जागचा हलला नाही.

फोन वाजला. केंद्रातल्या बाई विचारत होत्या, "दुसऱ्या नंबरापुढे नातं लिहिलेलं नाही. काय लिहू?"

तिने फोनवर हात ठेवला. "काय सांगू?"

"शेजारी म्हणा."

"तुम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला राहता."

"घर बदलता येतं," तो पुटपुटला. कान लाल झाले होते.

तिने डोळे पुसले आणि हात काढला. "बाई, घरचेच आहेत. लिहून टाका. आणि तो नंबर आता कायमचा."

बाबांनी डोळे मिटून घेतले होते, पण झोप लागलेल्या माणसाला इतकं हसू येत नाही.