विषाला वाचता येतं का?

फावड्याचा दांडा बाबांच्या कपाळावर बसला, तेव्हा स्ताना ईस्टरची अंडी लाल रंगात बुडवत होती. खिडकीतून आधी आवाज आला, मग रक्त दिसलं.

"माझी रोपं मारलीस, रादिसाव! हात तोडून कुत्र्याला घालीन तुझे," वुकाशिनकाका ओरडत होते. काका म्हणजे शेजारी, बाबांचे बालमित्र आणि स्तानाचे धर्मपिता. बाप्तिस्म्याला त्यांनीच तिला हातांवर धरलं होतं. आज त्याच हातांत फावडं होतं.

बाबांनी त्यांची गचांडी धरली. दोघे चिखलात लोळले. काकांचा दात पडला. शेवटी आईनं भांडणाऱ्या कुत्र्यांवर ओततात तशी दोघांवर गार पाण्याची बादली ओतली.

"पहाटे डबा घेऊन माझ्या वाफ्यापाशी उभा होतास," काका रक्त थुंकत म्हणाले.

"मोरचूद होता. द्राक्षवेलींवर मारायला."

"मंगळवारपर्यंत सण आहे, हात उचलणार नाही. बुधवारी तुझे सगळे वाफे खणून काढतो."

"ये की. कुऱ्हाड घेऊन उभाच असतो मी."

बाबा बोलले ते करतात, हे स्तानाला पक्कं ठाऊक होतं. आज शुक्रवार. मधे चारच दिवस.

काका चर्चला गेल्यावर ती आणि धाकटा भाऊ ओग्न्यान कुंपणापाशी गेले. पलीकडे काकांची नात देसा उभी होती, सुट्टीला शहरातून आलेली.

"तुझ्या बाबांनी खरंच टाकलं असेल तर?" देसानं विचारलं.

"तुझ्या आजोबांचे डोळे गेले असतील तर?"

"भांडायचं असेल तर मी बादली आणतो," ओग्न्यान म्हणाला. मग भावंडं कुंपण चढून पलीकडे उतरली.

तिघांनी मिळून काकांच्या वाफ्यावरची काच उचलली. खाली घोड्याची लीद, तिच्या उबेवर मिरचीची रोपं. प्रत्येक ओळीला पाटी होती. डावीकडे पणजोबांपासून चालत आलेली गोड मिरची. उजवीकडे देसाच्या वडिलांनी समुद्रापलीकडून पाठवलेली पिवळी तिखट. मधल्या पाटीवर लिहिलं होतं ‘वुकाशिन’. काकांनी गेल्या उन्हाळ्यात कुंचल्यानं एकीचे पराग दुसरीच्या फुलाला लावले होते, त्यांचं हे नवं वाण. दोन्ही कडेच्या ओळी हिरव्यागार होत्या. मधलीची पानं आखडून, डाग पडून जळत चालली होती.

"पाटी वाचून नेमकी तीच ओळ मारली का विषानं?" स्ताना म्हणाली. "विषाला वाचता येतं?"

"मला येतं, तरी मार्क पडत नाहीत," ओग्न्यान म्हणाला आणि एकदम वाकला. "ए, याच ओळीतली इथली चार रोपं धडधाकट आहेत." त्यानं तिथं बोट खुपसलं. "आई गं, भाजलं. लीद इथंच जास्त आहे."

देसानं जीवशास्त्राच्या बाईंना फोन लावला. ऐकता ऐकता तिचे डोळे मोठे झाले. त्यांच्या सांगण्यावरून तिघांनी मधल्या ओळीतली नुकतीच पिवळी पडू लागलेली सहा रोपं काढली. तीन एका डब्यात लावून स्तानाच्या घरी शेगडीवरच्या फळीवर ठेवली, तीन दुसऱ्या डब्यात गार ओसरीवर.

सणाचे तीन दिवस दोन्ही घरं एकमेकांकडे पाठ करून जेवली. बाबांनी तेवढ्यात कुऱ्हाडीला धार लावून घेतली.

बुधवारी सकाळी खळकन काच फुटली. स्ताना धावली. काकांनी बाबांचा पहिला वाफा फोडला होता. बाबांची कुऱ्हाड फिरली, काकांची बाही फाडून खांबात रुतली. काकांनी फावडं उगारलं. स्ताना दोन्ही डबे छातीशी धरून मध्ये घुसली. कुऱ्हाड उपसताना बाबांचं कोपर तिच्या तोंडावर बसलं. ओठ फुटला, रक्त डब्यात टपकलं.

दोघेही जागच्या जागी थिजले.

"मला मारून झालं असेल तर हे बघा," स्ताना म्हणाली. तिला रडू येत होतं आणि रागही तितकाच येत होता. "हा डबा गारठ्यातला, तिन्ही मेली. हा शेगडीवरचा, तिन्हींना नवी पानं. रोपं तुमचीच, काका. माती एकच, पाणी एकच."

"मग मारलं कुणी?"

"कुणीच नाही, आजोबा," देसा म्हणाली. "आईझाडाच्या गुणात रोगाला हाकलणारा एक राखणदार असतो, बापझाडाच्यात दुसरा. आपापल्या घरी दोघेही चांगले. पण संकरात दोघे एका घरात येतात, एकमेकांना चोर समजतात आणि झोडपतात ते स्वतःच्याच घराला. ऊब असली की दोघे पेंगतात, म्हणून रोप वाचतं."

काकांनी डब्यातलं एक नवं पान बोटानं उचलून पाहिलं. मग त्यांनी फावडं टाकलं, टोपी काढली आणि तिच्या टोकानं स्तानाचा ओठ पुसला. "या हातांनी तुला धरलं होतं पोरी," ते म्हणाले. "आम्हा दोन म्हाताऱ्या बैलांपेक्षा तुम्हा तिघांना अक्कल जास्त."

बाबांनी कुऱ्हाड खांबातच राहू दिली. "फुटलेली काच तू बसवून दे. बाहीचं बघतो मी," ते म्हणाले. "लेकीच्या ओठाचं काय करू ते मात्र कळत नाही."

"दोघेही आत या आणि शेगडीपाशी बसा," आई दारातून म्हणाली.

दोघे आत गेले. ओग्न्याननं गार पाण्याची बादली भरून आणली आणि कुणी न सांगता त्यांच्यामध्ये ठेवून दिली.