आकारांची वाट

रत्नागिरीच्या लुप्तप्रणाली केंद्रात काळाच्या ओघात बंद पडलेली सॉफ्टवेअर पुन्हा चालती करत. केंद्र समुद्राकडच्या टेकडीवर होते. दुपारी लाटांवरचा उजेड खिडक्यांतून आत येई, छतावर हलत राही आणि त्याच्याखाली अर्ध्या शतकापूर्वीची पाने पडद्यांवर हळूहळू जागी होत. सुनेत्रा बांदिवडेकर तिथली मुख्य संशोधक. आज तिने आपल्या वडिलांना, अप्पांना, सोबत आणले होते.

अप्पा एके काळी ‘शिंपला’ नावाचे मुलांचे मासिक काढत. लिहिणे, जुळवणे, पाने लावणे, सगळे एकहाती. ‘मुद्रासार’ या मांडणीप्रणालीवर. त्यासाठी अक्षरेसुद्धा त्यांनी स्वतः घडवली होती. पुढे मुद्रासार बंद झाले, फाँट हरवला, आणि ‘शिंपला’ची कुठलीही फाइल उघडली की पडद्यावर निरर्थक चिन्हांचा सडा पडू लागला.

गेल्या वर्षी अप्पांची वाचा गेली. मेंदूतल्या एका गुठळीने बोलणे नेले, वाचणे नेले. हातात पेन दिले तर नुसत्या रेघोट्या उमटत. सुनेत्रा रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून घरातले सारे काही सांगे. ते तिच्या तोंडाकडे बघत, हसत, मान डोलावत.

एका जुन्या छापील अंकावरून तिने तो फाँट पुन्हा घडवला होता. जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रतियंत्रात मुद्रासारही सुरू झाले होते. अप्पांना ते नुसते दाखवावे, एवढाच तिचा हेतू.

पान उघडले. कोपऱ्यात शिडाची होडी, खाली कविता. अप्पा कितीतरी वेळ स्वप्नात असल्यासारखे पाहत राहिले. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी कळफलकावर बोटे ठेवली आणि दुसऱ्या ओळीतल्या ‘नदि’ची वेलांटी सुधारून ‘नदी’ केली.

“फरीदाताई!” सुनेत्राचा आवाज चिरकला.

अप्पांवर उपचार करणाऱ्या मेंदूतज्ज्ञ डॉ. फरीदा मुजावर आज सोबत आल्या होत्या; त्या मागेच उभ्या होत्या. “थांब. त्यांना कोरं पान दे,” त्या म्हणाल्या.

“पण हे कसं शक्य आहे? घरच्या टॅबवर त्यांना एक अक्षर उमटवता येत नाही.”

“टॅबवर ‘कि’ कसा लिहितेस तू?”

“आधी क, मग वेलांटी. जसा उच्चार तसा.”

“आणि मुद्रासारात?”

“आधी वेलांटी. ती डावीकडे दिसते ना, म्हणून. अर्धा म आणि काना जोडला की म होतो. सगळं नुसतं आकार जोडणं…” बोलता बोलता सुनेत्रा थांबली.

“बरोबर. आपली भाषा आवाजाच्या वाटेनं चालते. वाचतानाही आपण मनात उच्चार करतो. अप्पांची ती वाट पुरती बुजलीय. पण वीसेक वर्षं त्यांनी रोज आकार जुळवून शब्द घडवले. ती वाट निराळी. डोळ्यांतून थेट बोटांत जाणारी. ती शाबूत आहे. बघ, वाचतानासुद्धा त्यांची बोटं हलतायत.”

खरेच, अप्पांची बोटे कळांना न दाबता कवितेवरून चालली होती. मुद्रासारात, त्यांच्याच अक्षरांत, ते वाचत होते.

सुनेत्राने कोरे पान उघडले. छतावरचा उजेड आता पिवळसर झाला होता. अप्पांनी सावकाश टंकले:

‘सुनेत्रा, तू वर्षभर माझ्याशी बोलत का नाहीस? नुसते ओठ हलवतेस.’

तिने ते दोनदा वाचले. तिने फरीदाताईंकडे पाहिले.

“बुजलेली वाट दोन्ही बाजूंनी बुजते गं,” त्या हळूच म्हणाल्या. “मला वाटत होतं, थोडंफार तरी कळत असेल. तुझं बोलणं त्यांना ऐकू येत होतं, पण त्यांच्यापर्यंत पोचलं नाही.”

सुनेत्राला रोजच्या त्या संध्याकाळी आठवल्या. तिने सांगितलेले सगळे, आणि त्यांचे ते हसणे. काही तरी बोलायला तिने तोंड उघडले, मिटले आणि कळफलक आपल्याकडे ओढला. कळांचा नकाशा तिला पाठ होता, पण बोटांना सवय नव्हती. एकेक कळ शोधत तिने लिहिले:

‘बोलत होते, अप्पा. रोज.’

अप्पांनी मांडीवर बोटे हलवत ते वाचले. त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी टंकले:

‘मग आता पुन्हा सांग. पहिल्यापासून.’

कुठून सुरुवात करावी? तिने लिहिले, ‘श्रावणात मी आजी झाले, तुम्ही पणजोबा झालात. मुलगी आहे.’

घरात रांगणारे ते बाळ कुणाचे, हे अप्पांना आज कळले. ते मोठ्याने हसले. वर्षभरात पहिल्यांदा, नेमके कशाला हसायचे ते कळून.

‘नाव?’ त्यांनी विचारले.

तिने उ काढला, मग वी काढला. आता वर रफार द्यायचा होता, आणि ती कळ काही केल्या सापडेना. तिने बोटाने हवेत रफार काढून दाखवला.

अप्पांनी तिचे ते बोट धरले आणि अलगद नेऊन कळीवर ठेवले.