माणूस नसलेलं यान

खोटं सांगून मला काय मिळणार? माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी हे घडलंय.

सप्टेंबर २००८. इंग्लंडमधलं बेसिंगस्टोक. नुकता अंधार पडत होता.

बहिणीचा, म्हणजे मंजिरीचा नवरा शशिधर. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. त्याला हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचं भारी खूळ. रीतसर लायसन्स काढून हा बाबा बागेत अंतराळस्थानकाचं बोलणं ऐकत बसायचा.

त्या दिवशी स्थानकाला सामान पोचवून एक मालवाहू यान सुटलं होतं. आत नुसता कचरा. माणूस एकही नाही. पुढे ते समुद्रावर जळून जाणार होतं.

आकाशात दोन ठिपके सरकत होते. पुढे स्थानक, मागे ते यान.

रेडिओवर खरखर...

मग खरखर थांबली... आणि एक दमलेला आवाज स्वच्छ मराठीत म्हणाला,

"बराय, येतो मग."

निघणाऱ्याला आपण काय म्हणतो? शशिधरनं सवयीनं बोलायचं बटण दाबलं.

"या, या!"

आणि मग त्याला आठवलं... यानात तर माणूसच नाही.

मंजिरी ऐकून पांढरीफटक पडली. "अरे, कुणाला या म्हणालास?"

"कुणीतरी प्रँक केला असेल गं. डोन्ट वरी."

काही आठवड्यांनी बातमी आली. यान जळून खाक झालं.

त्याच संध्याकाळी हॉलमध्ये करपल्याचा वास... स्मोक अलार्म मात्र गप्प.

त्यांची चार वर्षांची कस्तुरी, जन्म तिकडचा, मराठीत अजून हा-ही चुकणारी, सोफ्यावर सरकून बसली. कुणाला तरी जागा दिली तिनं.

"बाबा, ही काका का जळली?"

"कुठला काका, बेटा?"

"यू कॉल्ड हिम ना! ती मला पण नेणार."

शशिधरनं पोरीला उचललं. तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं. तो रिकाम्या सोफ्यावर ओरडला, "माझ्या पोरीला हात लावायचा नाही! चालते व्हा!"

सोफ्याची गादी हळूच वर आली... कुणीतरी उठल्यासारखी.

हॉस्पिटलमध्ये ताप उतरला. डॉक्टरांना कारण सापडलं नाही. शशिधरनं रेडिओ टाकून दिला, घर सोडलं, सगळे लंडनकडे हाउन्सलोला गेले. पोर वाचली म्हणून मी देवाला हात जोडले.

कस्तुरी आता कार्डिफला शिकते. एकटीच राहते.

परवा फोनवर माझ्याशी बोलता बोलता ती थांबली. तोंड वळवून कुणाला तरी हळूच म्हणाली,

"अजून नाही, काका. थोडं थांब."