दोन दारांवरची धावपळ

कोझुए घाईत होती. फार घाईत! सहलीच्या बसमध्ये गाइड म्हणून सकाळपासून तिची हसतमुखाने बडबड चालली होती. घाटातल्या एका शेवयांच्या हॉटेलाशी बस थांबली, तशी ती थेट मागच्या बाजूला पळाली आणि दोन दारांसमोर खिळून उभी राहिली.

पुरुषांच्या दारावर सामुराई – तलवार बगलेत, गुडघे आवळलेले, डोळे पांढरे! बायकांच्या दारावर दरबारातली राणी, एकावर एक घातलेले सगळे किमोनो वर धरून सुसाट निघालेली. कोझुएने देशभरातली शौचालयं पाहिली होती. कुठे दारावर माकडं, कुठे मासे. पण हे? राणीच्या कपाळावरचा घामसुद्धा खरा वाटत होता!

"आत जायचंय की प्रदर्शन बघायचंय?" मागून आवाज आला. एक तरुण आचारी, नाकावर पीठ.

"कोणी काढलं हे?"

"मीच. का, बिघडलंय?"

"अहो, मी इथे कशाला आले तेच विसरले!"

"मग चित्र फसलंच म्हणायचं," तो हसला.

त्याचं नाव नाओया. मग प्रत्येक खेपेला दारांवर नवं जोडपं असायचं. कधी राक्षस-राक्षसीण, कधी सुमो पैलवान आणि आजीबाई, सगळे आपापल्या दाराकडे जीव घेऊन पळणारे. कोझुए हसून बेजार व्हायची. बस निघाली की मात्र वळून वळून मागे बघायची... का, ते तिने स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

आणि मग डोंगरातून बोगदा झाला. पुढच्या आठवड्यापासून बस घाटात येणारच नव्हती. आजची खेप शेवटची, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

आज दारांवर एक आचारी होता आणि झेंडा घेतलेली एक गाइड. दाराकडे नाही – दोघं एकमेकांकडे धावत होती! कोझुए आणखी जवळ गेली. तिच्या कानामागे सुटलेली बट तिने स्वतः कधी पाहिली नव्हती. ती त्याने पाहिली होती, जपून रंगवली होती. इतकी सुंदर दिसते मी... त्याला?

त्याच तंद्रीत ती आत गेली, बाहेर आली आणि भर हॉटेलात, गवती चटयांवर जाऊन उभी राहिली.

"अगं बाई, पोरी, पायात काय!" एक म्हातारी प्रवासीण किंचाळली.

शौचालयातल्या सपाता! त्या दाराच्या आतच सोडायच्या, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. सगळी बस खो-खो हसत सुटली. कोझुएला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इतक्यात मागच्या बोळातून नाओया आला. चेहरा शांत, आणि पायात पुरुषांकडच्या सपाता!

"अरे, तूसुद्धा?"

"काय करू आजी, लक्षच नाही हल्ली जाग्यावर."

आता सगळे त्यालाच हसू लागले. कोझुएने त्याच्या पायांकडे पाहिलं. स्वतःच्याच हॉटेलात, गिऱ्हाइकांसमोर... माझ्यासाठी? तिचे डोळे भरून आले.

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. नाओया तिच्यामागे बसपर्यंत धावत आला.

"कोझुएसान, बस नसली तरी... तुम्ही याल?"

"सोमवारी सुट्टी असते मला."

त्याचा चेहरा पडला. "सोमवारी तर आमचं हॉटेल बंद असतं."

"माहीत आहे." पायरीवरून वाकून ती हळूच म्हणाली, "मी काय शेवया खायला येतेय?"