परवानगीशिवाय पाडलेली भिंत

आधीच सांगतो. पटलं तर वाचा, नाहीतर सोडून द्या. मला कुणाला पटवायची हौस नाही.

पण यातलं एक अक्षरही बनावट नाही. त्या घरात मी स्वतः होतो.

आणि मध्यरात्र वगैरे काही नव्हती. रविवार होता, टळटळीत दुपार होती. ताईच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर, हॉलमध्ये मी आणि दाजी बसलो होतो.

मी फ्रिज दुरुस्त करतो. नुसत्या आवाजावरून कॉम्प्रेसरचं दुखणं सांगतो. तेव्हा माझ्या कानांवर कुणी शंका घेऊ नये.

ताईने घर घेतलं तेव्हाच मी म्हणालो होतो, एवढ्या मोठ्या खोल्या आणि एवढ्या स्वस्तात, कुठेतरी पाणी मुरतंय.

मुरतच होतं. इमारत भाडेपट्ट्याच्या जमिनीवर होती. म्हणजे घर आपण विकत घ्यायचं, पण खालची जमीन एका म्हातारीची. पट्टा नव्याण्णव वर्षांचा, आणि त्यातली बरीचशी वर्षं आधीच्या लोकांनी राहून संपवलेली. शिवाय एक अट होती. मालकिणीच्या लेखी परवानगीशिवाय घरातली एकही भिंत पाडायची नाही.

आता ताईचं स्वयंपाकघर म्हणजे अंधारी खोली. तिच्या सासूबाई, मी त्यांना मावशी म्हणायचो, गुडघ्यांनी अधू. तरी ओट्याजवळ खुर्ची टाकून भाजी निवडत बसायच्या. मधली भिंत काढली तर त्यांनी मारलेली हाक हॉलमध्ये ऐकू येईल, एवढाच ताईचा विचार.

दाजी वकिलांकडे गेले. वकील हसले. म्हणाले, म्हातारी केव्हाच वारली, मागे वारस कुणी नाही. परवानगी मागणार कुणाकडे? खुशाल पाडा.

दाजींनी पाडली.

खालच्या मजल्यावरचे मास्तर तेवढे कुरकुरले. मालकीण असताना ती काठी घेऊन प्रत्येक घरात यायची म्हणे. एकेक भिंत ठोकून बघायची, मगच चहा घ्यायची. दाजी म्हणाले, बरं झालं, चहा वाचला.

आम्ही सगळे हसलो. मावशीसुद्धा.

आठवडाभरातच आवाज सुरू झाला.

ठक... ठक... ठक...

आधी वाटलं पाइप असेल. मी नळ तपासले, फ्रिज बंद करून पाहिला. कुठेच काही नाही. मग ताईने मला हाताला धरून उभं केलं, जिथे भिंत होती बरोबर तिथे.

आवाज मोकळ्या हवेतून येत होता. माझ्या कमरेच्या उंचीवरून... एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. खोटं कशाला बोलू?

मग एक दिवस ठकठक थांबली. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. तिथेच फसलो.

तो रविवार त्यानंतरचा.

ताई बाजारात गेली होती. मावशी आत बसल्या होत्या. हॉलमधून खुर्चीची पाठ दिसायची, बाकी ओट्याच्या आड. दाजी पेपर वाचत होते, मी डुलक्या काढत होतो. घरात अगदी शांत होतं.

जरा जास्तच शांत... फ्रिज चालू होता, आणि मला त्याचा आवाज येत नव्हता. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

एवढ्यात दारावर धडाधडा थापा. मास्तर. धापा टाकत जिना चढून आलेले.

"अहो, किती वेळ हाका मारतायत त्या," मास्तर म्हणाले. "मला खाली ऐकू येतंय. तुम्ही बहिरे आहात का?"

आम्ही आत धावलो. पाडलेल्या भिंतीची जागा ओलांडली, आणि फ्रिजची घरघर एकदम कानावर आली.

मावशी ओट्याखाली पडल्या होत्या. ओठ अजून हलत होते. आवाज संपला होता.

दवाखान्यात नेईपर्यंत त्या गेल्या.

मास्तरांनी नंतर सांगितलं, त्या एकच वाक्य म्हणत होत्या. "उचल रे मला, बाळा." खालच्या माणसाला ऐकू गेलं, आणि चार पावलांवरच्या पोटच्या पोराला नाही. दाजी त्या दिवसापासून खचलेच. कुणी मोठ्याने बोललं तरी दचकतात.

घर विकायला काढलं. गिऱ्हाईक यायचं, खोल्या बघून खूश व्हायचं, आणि पट्ट्याची उरलेली वर्षं ऐकून उठायचं. एवढ्याशा वर्षांवर बँक कर्ज देत नाही. पट्टा वाढवायचा तर मालकाची सही लागते. वकील, तेच वकील, आता म्हणाले की वारस नसलेल्या मालकिणीची सही आणायची तर कोर्टात आयुष्य जाईल. मला असा राग आला की तिथून उठून आलो.

सोडून जावं, तर घरासाठी पतपेढीतून काढलेल्या कर्जाचे हप्ते चालूच. वर दुसरीकडचं भाडं कुठून आणणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शेवटी ताई म्हणाली, मालकिणीची भिंत तिला परत देऊन टाकू.

गवंडी आला. जुन्याच जागी भिंत बांधली, दार बसवलं. ताईने भिंतीला हात जोडले.

थोडे दिवस बरे गेले. मग एका सकाळी दाजी चहा पिताना उठून उभे राहिले.

भिंतीतून आवाज येत होता. बारीक, दमलेला...

"उचल रे मला, बाळा."

तेव्हा आम्हाला न ऐकू आलेल्या हाका आता येतात. सगळ्या. दाजी पलीकडच्या खोलीत टीव्ही मोठ्याने लावून बसतात. ताई भिंतीला टेकून बसते आणि "हो आई, आले" म्हणते. तिला कोण समजावणार?

मागच्या आठवड्यात मी गेलो होतो. ताई माझ्या शेजारी हॉलमध्ये बसली होती. कप तिच्या हातात, ओठ मिटलेले.

आणि भिंतीतून हाक आली...

मावशींची नव्हती.

"छोट्या, दार उघड रे. दार उघडत नाहीये."

छोट्या मला फक्त ताई म्हणते. आवाजही तिचाच होता.

मी तिच्याकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती.

"तुलाही ऐकू आलं ना?" ती म्हणाली. "ही हाक मी अजून मारलेली नाही."

मी त्याच दिवशी ते दार बिजागऱ्यांसकट काढलं आणि खाली नेऊन टाकलं. ताईला म्हटलं, माझ्याकडे चल. ती नाही म्हणाली. आईंना उत्तर कोण देणार, म्हणाली.

आता रोज दुपारी मी तिला फोन करतो. ती उचलते, बोलते.

आज उचलला... आणि पलीकडून काहीच ऐकू आलं नाही. फ्रिजची घरघरसुद्धा नाही.

मी निघालोय. मास्तरांना फोन लावला होता. ते म्हणाले, लवकर ये, वरून कुणीतरी हाका मारतंय.